धार गेलेला नेलकटर

प्रिय भिंगरी,

अक्षर बघून दचकू नकोस. तुझ्या आजीला चौऱ्याहत्तराव्या वर्षी अचानक लिहिता यायला लागलेलं नाही. हे वळणदार हस्ताक्षर समोरच्या घरातल्या सिस्टरबाईंचं आहे. मी बोलते, त्या लिहितात आणि मधूनच चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. पूर्वी वॉर्डात मी फरशी पुसताना एखादा कोपरा सोडला की बघायच्या ना, अगदी तशाच. तेव्हा त्या इनचार्ज होत्या आणि मी त्यांच्या हाताखालची आया. आज मी सांगते आणि त्या लिहितात, म्हणजे आता त्या माझ्या हाताखाली. हे वाक्य त्यांनी लिहिलं की गाळलं ते तूच मला सांग, मला कळायला मार्ग नाही.

फोन का नाही केला म्हणशील. फोन तुझ्या आईचा, तो स्वयंपाकघरातल्या फळीवर, आणि मी कानाला लावला की घरातल्या सगळ्यांना त्याच खोलीत काम निघतं. शिवाय तू हल्ली "बरी आहे गं, ड्यूटीवर आहे" एवढं म्हणून ठेवून देतेस. पत्रही ठेवून देता येतं, पण ते टेबलावर पडून आपल्याकडे बघत राहतं. आता पत्र का लिहिते आहे, ते एवढ्यात विचारू नकोस. मलाच नीट ठाऊक नाही. बोलता बोलता सापडेल. माझ्या हरवलेल्या वस्तू आजवर अशाच सापडल्या आहेत.

तर आधी माझा गोंधळ ऐक. मागच्या महिन्यात तू दोन दिवस राहून गेलीस. नर्सिंग शिकायला गेल्यापासून तू घरी आलीस की पहिलं काम काय, तर माझे पाय कोमट पाण्यात बुडवून नखं कापायची. सात वर्षांत एकदाही चुकलं नाही. तुझी आई म्हणते तिला पेशंटची सवय लागली आहे. मी म्हणते लागू दे, फुकटात सरबराई होते आहे. या वेळी मी आपणहून पाय बुडवून बसले. पाणी गार झालं. तू नेलकटर हातात घेतलास, उघडलास, मिटलास आणि म्हणालीस की याची धार गेली आहे, पुढच्या वेळी नवीन आणते. मग गच्चीवर गेलीस, तिथे वाळत घालायला काही नसताना. तू गेल्यावर मी त्या नेलकटरने शिवणाचा दोरा कापून बघितला. कच्चकन तुटला. मग मला नखांपेक्षा तुझीच काळजी लागली.

ते एकच असतं तर सोडून दिलं असतं. पण तू स्वतःचा साबण आणलास, स्वतःचा टॉवेल आणलास, आणि जाताना तो ओला टॉवेल पिशवीत घालून घेऊन गेलीस. दादाचं बाळ तुझ्याकडे झेपावलं तर तू हात पाठीमागे बांधून उभी, जशी काही शाळेत शिक्षा झाली आहे. वहिनीला ते लागलं. मला बोलली नाही, पण त्या दिवसापासून भांडी जोरात घासते. तुझ्या तर्जनीला पट्टी होती, तीही कातडीच्या रंगाची, दिसू नये अशी. मी विचारलं तर म्हणालीस कागदाने कापलं. बरं बाई, कागदाने कापतं. मला कागदाचा अनुभव नाही.

आणि ती बाटली. रोज सकाळी नऊच्या ठोक्याला तुझा फोन टुणटुण करायचा आणि तू न्हाणीघरात. तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी तुझ्या पिशवीत हात घातला, हे कबूल करते. गोळ्यांची बाटली होती आणि तिच्यावरचं लेबल नखाने खरवडून काढलेलं. अगं, माझ्यासाठी एवढे कष्ट कशाला घेतलेस, मला कुठे वाचता येतं. पण तूही घाबरलीस की विसरतेस, हे तेव्हा समजलं.

आता घरातल्यांचे तर्क. दोन्ही सकाळी तू ओकलीस, ते तुझ्या आईने दाराबाहेरून ऐकलं. त्यावर जाता जाता सांगून गेलीस की लग्न सहा महिने पुढे ढकला. तुझी आई तेव्हापासून बोटांवर महिने मोजते आहे. करंगळीपासून सुरू करते, अंगठ्यापर्यंत येते आणि पुन्हा सुरू करते. मी तिला म्हटलं की असं काही असतं तर पोरीने लग्न पुढे ढकललं नसतं, अलीकडे ओढलं असतं. तिला ते पटलं, आणि न पटल्यासारखी रडली. दादा म्हणतो भांडण झालं असेल. आणि तुझा तो, तुमच्याच हॉस्पिटलात रक्त तपासणारा, त्याने दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी फोन माझ्या हातात आला. गरीब स्वभावाचं पोर आहे. बराच वेळ तब्येतीची चौकशी केली आणि मग एकच विचारलं, "आजी, मी काय केलं?" मी म्हटलं, जेवलास का. पण ते तीन शब्द मी पूर्वी ऐकले होते, नेमके तसेच, आणि कुठे ते आठवायला मला आठवडा लागला. त्याचं पुढे सांगते.

इथपर्यंत आम्ही सोमवारी आलो होतो. "सहा महिने" हे मी बोलले आणि सिस्टरबाईंचं पेन थांबलं. मला वाटलं शाई संपली. त्यांनी विचारलं, पाचही नाहीत, वर्षही नाही, सहाच का. मग विचारलं गोळी रोज ठरल्या वेळेला होती का, पट्टी कुठल्या बोटाला, ओकारी सकाळचीच का. मी सांगत गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाल्या, "सुई टोचली आहे तिला."

मग चहा झाला. कुणीच प्यायला नाही, पण झाला.

मला तू सांगितलं असतंस तर मला कळलं नसतं असं नाही, भिंगरी. मी एकोणतीस वर्षं वॉर्डात काढली. कुणाच्या शरीरातून काय काय बाहेर येतं आणि ते कुठल्या बादलीत जातं हे मला तुमच्या पुस्तकांच्या आधीपासून ठाऊक आहे. सिस्टरबाईंनी नीट समजावलं. वापरलेली सुई टोचली की आधी त्या पेशंटचं रक्त एड्स, काविळीसाठी बघतात, मग टोचलेल्याचं, मग काही आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी, मग सहा. गोळ्या महिनाभर. बहुतेक सुयांतून काहीच होत नाही, असं त्या तीनदा म्हणाल्या. पण ज्याला टोचली आहे त्याला ती बहुतेकातली की उरलेल्यातली हे सहा महिने कळत नाही. आणि साबणाने, टॉवेलने, बाळाला घेतल्याने काही होत नसतं, हे तर तूच नव्या मुलींना शिकवतेस. शिकलेली माणसं घाबरली की अगदी आमच्यासारखी वागतात, हे बघून मला बरं वाटलं की वाईट, तेच कळेना.

सिस्टरबाईंचं म्हणणं की तू हे वॉर्डातल्या सुई टोचल्याच्या वहीत नोंदवलेलं नाहीस. गोळ्या बाहेरून घेतल्यास, म्हणून तर लेबल खरवडलंस. मी म्हटलं माझी नात असं करणार नाही, ती नियमाची पक्की आहे. मग मला तो फोटो आठवला, तू पाठवलेला. तुमच्या हात धुवायच्या बेसिनवर लावलेलं ते मोठं चित्र, त्यात तू बोट वर करून उभी, आणि खाली काय लिहिलंय ते तूच वाचून दाखवलं होतंस: वापरलेल्या सुईला परत टोपण घालू नका. सगळ्या वॉर्डांत लागलं आहे म्हणून किती फुशारकी मारत होतीस. सिस्टरबाई म्हणाल्या, बहुधा टोपण घालतानाच टोचली असेल. पेशंट धडपडत असेल, सुया टाकायचा डबा लांब असेल, हात सवयीने गेला असेल. मग ते चित्र रोज समोर. वर हॉस्पिटलातच तपासायला रक्त द्यायचं तर ती नळी जाणार कुणाच्या टेबलावर, तर तुझ्या त्याच्या. मी म्हटलं, तुम्हाला हे सगळं इतकं कसं सुचतं. त्या म्हणाल्या तीस वर्षं मुलींचे चेहरे बघितले आहेत, ज्या लपवतात, चूक नेहमी त्यांची स्वतःचीच असते. म्हणजे तशी त्यांना वाटते.

हे त्या म्हणाल्या आणि मला ठसका लागला. म्हटलं आज पुरे. बुधवारी बसू.

बुधवारी बसलो. आता जे सांगते ते मी तुझ्या आजोबांनाही सांगितलं नव्हतं, आणि एका बाईला सोडून सगळ्यांना सांगता आलं असतं. नेमकी तीच बाई समोर पेन घेऊन बसली. म्हटलं, लिहा आता.

मला नोकरी मिळाली ती चौथी पास म्हणून. मी शाळेच्या दारातून आत कधी गेले नाही. एक सही तेवढी पाठ केली होती, कोंबडी मातीत पाय ओढत जाते तशी. बाकी मी हॉस्पिटल रंगांवर चालवलं. पिवळ्या पिशवीत पट्ट्या आणि बोळे, त्या जाळायला. निळ्यात नळ्या आणि सिरिंजा. लालमध्ये मळक्या चादरी, त्या धुवायला. कुणाला कधी शंका आली नाही, उलट नव्या आयांना मीच शिकवायचे. चादरींची पिशवी बांधायची म्हणजे आधी तिच्यावर हाताचा तळवा ठेवून अंगाचा भार टाकायचा, हवा काढायची, मग गाठ. तरच गाठ नीट बसते. कधी विचार कुणालाही, माझ्या गाठी सुटत नसत.

तू चार वर्षांची होतीस. मला ताप आला म्हणून मी पाच दिवस घरी होते. तेवढ्यात वरून नवा नियम आला आणि रंग बदलले. लालमध्ये नळ्या-सिरिंजा, चादरींना हिरवी. भिंतीवर नोटीस लागली, सगळ्यांनी वाचून खाली सह्या करायच्या. मी सहाव्या दिवशी कामावर गेले, नोटिशीपुढे उभी राहिले, डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले, मान डोलावली आणि कोंबडी काढली. मग वॉर्डात जाऊन लाल पिशवीवर तळवा ठेवला आणि भार टाकला.

सुई तिथे असायला नको होती, ती डब्यात टाकायची. कुणीतरी घाईत सिरिंजसकट टाकली होती. तळव्यात करंगळीच्या खाली पार आत गेली. मी ती ओढून काढली, नळाखाली हात धरला, फडक्याची पट्टी बांधली आणि राहिलेल्या पिशव्या बांधल्या. वही तेव्हाही होती. इनचार्जच्या टेबलावर, दोरीने पेन बांधलेलं. पण वहीत लिहायचं म्हणजे इनचार्ज विचारणार, कसं झालं. आणि कसं झालं ते सांगायचं तर एकच सांगता आलं असतं.

इथे सिस्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. ती नोटीस त्यांच्याच अक्षरात होती. त्यांनी मला विचारलं, पण तुम्ही सही केली होती. मी म्हटलं, केली होती ना. त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाल्या, वाचून दाखवायला हवी होती. मी म्हटलं, मीच विचारायला हवं होतं. मग आम्ही दोघी थोडा वेळ एकमेकींवर चिडलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. चिडून झालं तेव्हा त्यांनी माझा हात उलटा करून तळवा बघितला. बावीस वर्षांनी तिथे काय दिसणार. पण इनचार्ज ती इनचार्ज.

आता ते तीन शब्द. तेव्हा दुपारी मी कामावरून आले की तू माझ्या कुशीत येऊन झोपायचीस. सुई टोचल्यावर मी तुला जवळ घेईना. मला कुणी सांगितलं नव्हतं कशाने रोग लागतो आणि कशाने लागत नाही; विचारायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी माझा पेला वेगळा केला, टॉवेल वेगळा केला, अंथरूण खिडकीखाली नेलं. तू पहिल्या दुपारी येऊन उभी राहिलीस आणि विचारलंस, "आजी, मी काय केलं?" मला काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, तुझे पाय फार थंड आहेत, मला झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी तू दोन मोजे घालून आलीस, एकावर एक. भर उन्हाळा. पाय वर करून दाखवलेस की आता गरम आहेत. मी भिंतीकडे तोंड केलं. तू चार-पाच दिवस मोजे घालून येत राहिलीस आणि मग यायची बंद झालीस. मी कधीतरी, वर्षभराने असेल, हळूहळू विसरायला लागले. काही झालं नाही म्हणजे काही नसेल, अशी मनाची समजूत घातली. पण तू पुन्हा आपणहून कुशीत आली नाहीस. अजूनही थंडी असो वा नसो, मोजे घालूनच झोपतेस. तुझी आई त्याला सवय म्हणते.

मला आता गोंधळ असा आहे, की तुला रागवावं तर कुठल्या तोंडाने. मला बाकी सगळं येतं पण माझीच चूक दुसऱ्याच्या अंगावर बघून कसं वागायचं ते येत नाही. सिस्टरबाई म्हणतात वहीत लिहायला अजूनही उशीर झालेला नाही, तुला निदान तपासण्या वेळच्या वेळी आणि फुकट मिळतील. आणि चित्रातली बाई चुकली हे कळलं तर उलट मुली त्या चित्राकडे नीट बघतील. मला यातलं किती खरं आणि किती मला बरं वाटावं म्हणून, ते सांगता येत नाही. त्या रक्त तपासणाऱ्याला काय सांगायचं, कधी सांगायचं, ते तुझं तू ठरव. मी त्याला काही बोलले नाही. पण चार वर्षांचं पोरही पहिल्यांदा हेच समजतं, की चूक आपलीच असणार. तो तर पस्तिशीकडे झुकलेला आहे, त्याला मोजे घालून येताही येणार नाही. तुझ्या आईला एवढंच सांगितलं की बोटं मोजायचं बंद कर, तसलं काही नाही, बाकी पोर स्वतः सांगेल. ती लगेच माझ्या पाया पडणार होती, मी म्हटलं नखं वाढली आहेत, लागेल.

आज शनिवार. गुरुवारी सकाळी मी आणि सिस्टरबाई बसने दवाखान्यात जाऊन आलो. घरी सांगितलं डोळे दाखवायला. तिथल्या मुलीने हातमोजे घातले, दंडाला रबर बांधलं, रक्त काढलं आणि सुई तशीच, टोपण न घालता, डब्यात टाकली. मी नीट बघत होते. तिने विचारलं, आजी, कशासाठी तपासणी, काही त्रास होतो का. मी म्हटलं बावीस वर्षांपूर्वी सुई टोचली होती. ती हसली नाही, तिने ते लिहून घेतलं. कागदावर माझ्या नावापुढे ते पहिल्यांदा लिहिलं गेलं. सही करा म्हणाली तर मी म्हटलं, आधी काय लिहिलंय ते वाचून दाखव. तिने दाखवलं. मग मी कोंबडी काढली. काल संध्याकाळी पाकीट आलं. सिस्टरबाई फोडायला निघाल्या होत्या, मी काढून घेतलं. ते माझ्या उशीखाली आहे, चिकटवलेलं, आणि मी ते कुणाकडूनही वाचून घेणार नाही. आत काय असेल याची मला भीती वाटते, हे तुला म्हणून सांगते. म्हणून हे पत्र, आता सापडलं बघ. तू सुट्टी काढून ये. येताना तुझे जे काही कागद असतील ते आण, चांगले, वाईट, अर्धवट, सगळे, आणि वहीत लिहिलं असशील तर तेही सांग. माझा कागद तू वाच. तुझा तू मोठ्याने वाच, मी ऐकेन, आणि या वेळी भिंतीकडे तोंड करणार नाही. दुपारची ये. खिडकीखालचं अंथरूण मी हलवून घेतलं आहे, आता दोघींची जागा आहे. मोजे आणू नकोस. तुझे पाय कधीच थंड नव्हते. आणि नवा नेलकटरही आणू नकोस. आहे त्याला धार आहे.

बादलीत पाय बुडवून तुझी वाट बघणारी,
तुझीच
आजी